रडणारी माती आणि दोन किटल्या

पॅकिंग शेडमध्ये एरवी टोमॅटोचे क्रेट रचलेले असतात. त्या रविवारी माणसं रचलेली होती. बसायला जागा मिळेना म्हणून दोन आजीबाई मोठ्या वजनकाट्यावरच चढून बसल्या होत्या आणि काटा दोघींचं मिळून वजन लाल आकड्यांत जगजाहीर करत होता. पण तिकडे बघायला फुरसत कुणाला होती? सगळ्यांच्या माना समोरच्या मंचाकडे. तिथे मातीबाबा बसले होते.

मातीबाबांचं मूळ नाव कुणाला ठाऊक नव्हतं. अंगात मातकट कफनी, कपाळावर ओल्या चिखलाचा टिळा आणि मनगटावर चकचकीत घड्याळ. चिखल घड्याळाला लागू न देण्याचं कसब मात्र बाबांना पक्कं साधलेलं होतं.

"माती म्हणजे काय?" बाबांनी माइकमधून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं, "मा आणि ती! मा म्हणजे आई. आणि ती म्हणजे?"

गर्दी श्वास रोखून बसली.

"ती म्हणजे... ती!"

"वा!" पहिल्या रांगेतून आवाज आला. शेजारच्याने मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावली की कळल्यासारखं वाटतं, हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे.

लोकांचं फार चुकत होतं असंही नाही. बुडत्याला काडीचा आधार, आणि हे लोक खरोखर बुडत होते. वस्तीच्या मागे ओळीने बावीस भाजीमळे. त्यातल्या एकवीस मळ्यांत टोमॅटोला मर लागली होती. आधी झाडाच्या एकाच बाजूची पानं पिवळी पडत. दुपारी झाड मान टाकायचं, संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं, माणसाला वाटायचं सावरलं. आणि चारपाच दिवसांनी टाकलेली मान ते उचलायचंच नाही. पाणी दिलं, खत दिलं, दुकानदाराने दिलं ते सगळं फवारलं. झाडं मरतच राहिली. अशा वेळी कुणी सांगितलं असतं की शेंडीवर उभं राहिल्याने मर जाते, तर निम्मे लोक उलटे झाले असते.

बाविसावा मळा, म्हणजे अकरा नंबरचा, तेवढा हिरवागार होता. आणि नेमकी तीच अडचण झाली.

"आता भूमिपरीक्षा!" बाबांनी जाहीर केलं.

प्रत्येक मळ्याची माती वेगवेगळ्या थाळीत मांडलेली होती. बाबा तीत राखाडी रंगाच्या 'भूमिभस्मा'ची मूठ टाकत. मग त्यांचा शिष्य, एक घामाघूम झालेला धिप्पाड माणूस, किटलीने 'तीर्थ' ओतायचा. थाळीवर झाकण पडायचं, धुपाचा लोट उठायचा, बाबा तीनचार मिनिटं मंत्र म्हणायचे आणि मग मळेवाल्याने झाकण उघडून थाळीत नाक घालायचं. डोळे कोरडे राहिले तर जमीन निष्पाप. डोळ्यांना धार लागली तर समजायचं की ती जमीन आपल्या पापाने रडते आहे.

मळेवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष पहिले. नाक घातलं, वर काढलं. डोळे ठणठणीत कोरडे. टाळ्या! मग सात नंबरवाला, मग चौदा नंबरवाली. कोरडे. मग अकरा नंबर.

अकरा नंबरच्या वहिनींनी झाकण उघडलं, वाकल्या आणि "अगं आई गं!" म्हणत मागे सरकल्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी. पहिल्या रांगेतले तिघेचौघेही डोळे पुसायला लागले. वजनकाट्यावरची एक आजी शिंकली आणि आकडे हलले.

"बघा!" बाबा गरजले. "एकवीस मळ्यांचा जीव या जमिनीने ओढून घेतला! तुमची झाडं का मरतात? हिची का जगतात? जमीन खोटं बोलत नाही. जमीन रडते!"

शेडमध्ये आधी कुजबुज झाली, मग गलका. वहिनींच्या शेजारी बसलेल्या बाईने आपल्या मुलीला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं. अध्यक्षांनी घसा साफ करत माइकवरून सांगितलं, "पुढच्या रविवारी बाबा अखेरची परीक्षा घेतील. तीत तेच दिसलं, तर अकरा नंबरची झाडं उपटून जाळावी लागतील. आणि, म्हणजे, मळा संघाला परत करावा लागेल. तोपर्यंत अकरा नंबरला संघाच्या टाकीचं पाणी बंद."

हे सगळं मागच्या खांबाला टेकून बघत होती ती नळीमावशी.

नळीमावशी म्हणजे वहिनींची नणंद. शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं परिचर होती. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि कुठल्या वर्गाने कशात काय मिसळून पळ काढला ते नुसत्या वासावरून ओळखणं, हे तिचं काम. मुलांनी ठेवलेलं नाव तिने आनंदाने घेतलं होतं. आपल्या परीक्षानळ्या आजवर कुणी शिकवणाऱ्याने धुतल्या नाहीत, याचा तिला अभिमान होता आणि थोडा रागही.

घरी आल्यावर वहिनींनी ओढणी बादलीत फेकली आणि भांडी आपटायला सुरुवात केली.

"रडू नकोस गं," नळीमावशीचा भाऊ म्हणाला. "देऊन टाकू मळा. लोकांशी वैर कशाला?"

"मी रडत नाहीये!" वहिनी म्हणाल्या. "मला राग आलाय. सहाशे झाडं आहेत. एकेक हाताने लावलंय. आणि मी केलं काय? मागच्या आठवड्यात हा बुवा मळे बघत फिरत होता, तेव्हा एवढंच विचारलं की महाराज, मेलेल्या झाडाचं खोड उभं चिरून बघितलंत का, आत तपकिरी रेषा आहेत. तेव्हापासून त्याचा चेहरा आंबट झालाय."

"वहिनी, ती ओढणी जरा द्या इकडे," नळीमावशी म्हणाली.

"धुवायला टाकलीये, वन्सं."

"म्हणूनच म्हणते, भिजायच्या आधी द्या."

ओढणीच्या टोकावर थाळीतला चिखल उडाला होता. नळीमावशीने तो हुंगला. झणका नाकातून थेट टाळूत गेला. डोळे मिटून ती क्षणभर तशीच उभी राहिली. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्या तिने मनातल्या मनात उघडून बघितल्या. अमोनिया? छे. गंधक? नाही. मग तिने प्रयोगशाळेचं दार लावलं आणि स्वयंपाकघराचं उघडलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ही मोहरी आहे. फेसलेली मोहरी."

मोहरी वाटून पाण्यात फेसली की नाकात चढते, हे कुठल्या बाईला माहीत नाही? कोरडी पूड हुंगा, काही नाही. पाणी पडलं आणि चार मिनिटं गेली की डोळ्यांतून गंगाजमुना. बाबांचा मंत्रही बरोबर तेवढाच लांब होता. तो देवासाठी नव्हता, मोहरीसाठी होता.

वहिनींचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पण मग अध्यक्षांना का नाही झोंबलं? डबा एकच होता. मी बघत होते, त्याच डब्यातली मूठ टाकली."

हा प्रश्न मोठा होता. नळीमावशी पाटावर बसली. डबा एक. माती? माती मोहरीला काय करणार? मंत्र तोच. धूप तोच. उरलं काय?

"पाणी," ती म्हणाली. "किटली एकच होती का?"

वहिनींनी डोळे मिटून आठवलं. "दोन होत्या. एक साधी. आणि एकीच्या कडीला फडकं गुंडाळलेलं होतं. माझ्या वेळी साधी होती."

"कडीला फडकं आपण कधी गुंडाळतो?"

"कडी तापली की," वहिनी म्हणाल्या. मग वहिनींनी चूल पेटवली.

अर्ध्या तासाने भाऊ आत आला तेव्हा त्याची बायको आणि बहीण जमिनीवर पालथ्या पडून दोन थाळ्यांतला चिखल आळीपाळीने हुंगत होत्या. एका थाळीपाशी दोघी ढसाढसा रडत, दुसरीपाशी सरकून खदाखदा हसत, पुन्हा पहिलीकडे येऊन रडत.

"झालं," तो दारातच म्हणाला. "दोघींनाही लागीर झालं."

"दादा, इकडे ये. नाक घाल," नळीमावशी म्हणाली. "या थाळीत गार पाणी, त्या थाळीत उकळतं. मोहरी एकाच डब्यातली."

दादाने नाक घातलं. मग तो शिंकत, डोळे पुसत अंगणात पळाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत नळीमावशीने रसायनाच्या बाईंना गाठलं. बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, उकळत्या पाण्याने मोहरी मरते, हे मी बघितलं. पण मरतं म्हणजे नेमकं काय मरतं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत मावशीने त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि प्रश्न कुठल्याही मुलाने विचारला नव्हता एवढा चांगला होता.

"मोहरीच्या पेशींत दोन पदार्थ वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेले असतात," त्या म्हणाल्या. "एक नुसता साठा. दुसरं विकर, म्हणजे तो साठा फोडणारं. दाणा किंवा पान चिरडलं, पाणी मिळालं की भिंती मोडतात, दोघांची गाठ पडते आणि तिखट वाफ तयार होते. उकळत्या पाण्यात विकर निकामी होतं. साठा तसाच राहतो, पण फोडणारा कुणी उरत नाही."

"आणि मोहरीला ही उठाठेव कशाला?"

"तिला पाय नाहीत, मावशी. कीड आली तर पळणार कशी? जी वाफ आपल्याला झोंबते, ती किडीला झोंबते आणि मातीतल्या बुरशीलाही मारक ठरते. मुळा, कोबी, मोहरी, सगळं एकाच घराण्यातलं. प्रत्येक भाजी आपापला दारूगोळा बाळगून असते. टोमॅटोचासुद्धा आहे, फक्त तुमच्या मळ्यांत मर आणणारी मातीतली बुरशी त्याला पुरून उरते."

नळीमावशी उठता उठता थबकली. "मातीतल्या बुरशीला, म्हणालात?"

त्या संध्याकाळी तिने वहिनींना विचारलं, "टोमॅटोच्या आधी मळ्यात काय होतं?"

"मोहरी," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं होतं की. शेतकी केंद्रात ती अर्ध्या दिवसाची शिकवणी होती बघा. चहा येईपर्यंत सगळे बसले, चहा झाल्यावर मी एकटी उरले. ते साहेब बिचारे मला एकटीलाच सांगत होते. हिरवी मोहरी फुलायच्या सुमारास बारीक चिरून मातीत गाडा, पाणी द्या, वर प्लास्टिकचा कागद अंथरा, दोनतीन आठवडे थांबा, मग रोपं लावा. मी केलं. अध्यक्ष मला हसले होते, उभं पीक गाडणारी बाई म्हणून." आणि मग हातातलं भांडं हातातच राहिलं. "अहो वन्सं! म्हणजे बुवाने मला ज्या मोहरीने रडवलं, त्याच मोहरीने..."

"त्याच मोहरीने तुमचा मळा राखला," नळीमावशी म्हणाली. "एकवीस मळ्यांचा जीव काही चोरीला नाही गेला. शिकवणीतल्या एकवीस खुर्च्या रिकाम्या होत्या, एवढंच."

आठवडा वाईट गेला. टाकीचं पाणी बंद, म्हणून तिघं घरून बादल्या वाहत होते. कुणीतरी कुंपणावर कोळशाने 'चोर' लिहिलं. दादाने ते पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. गुरुवारी वहिनी म्हणाल्या, "उद्याच जाऊन सगळ्यांना सांगू या." नळीमावशी म्हणाली, "सांगून ऐकतील? त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आता नाकानेच पटलं पाहिजे."

पुढच्या रविवारी शेड आणखी भरली. बाबांनी या वेळी टिळा जरा मोठा लावला होता.

"अखेरची परीक्षा!" बाबा म्हणाले. "अकरा नंबरची माती आणा!"

"आणलीये," नळीमावशी पुढे आली. "एकच विनंती. पाणी मी ओतते."

शिष्याने दोन्ही किटल्या छातीशी धरल्या, आणि एक लगेच दूर केली, कारण ती छातीला चटका देत होती.

"स्त्रीचा हात लागला की तीर्थ बाटतं!" बाबा कडाडले.

मग वजनकाट्यावरून आवाज आला. अध्यक्षांच्या आईचा. "का रे बाबा? टोमॅटो तोडायला आमचे हात चालतात, क्रेट भरायला चालतात, तुझं जेवण रांधायला चालतात. पाण्यालाच काय धाड भरली?"

बायका हसल्या. आधी दबकत, मग मोकळ्या. अध्यक्ष म्हणाले, "आई, तू गप्प..." आणि आईने नुसतं बघितल्यावर ते स्वतःच गप्प बसले. "ओतू दे तिला," म्हातारीने निकाल दिला.

नळीमावशीने दोन थाळ्या मांडल्या. "ही अकरा नंबरची माती. ही अध्यक्षांच्या मळ्याची. भस्म बाबांनीच टाकावं, त्यांच्याच हाताने, त्यांच्याच डब्यातलं."

एवढ्या डोळ्यांसमोर बाबांना नाही म्हणता आलं नाही. भस्म पडलं. मग नळीमावशीने फडकं गुंडाळलेली किटली उचलली. वाफ सगळ्यांना दिसावी म्हणून उंचावरून ओतली अकरा नंबरच्या थाळीत. साधी किटली रिकामी केली अध्यक्षांच्या थाळीत. झाकणं घातली.

"मंत्र म्हणा ना, बाबा," ती म्हणाली. "नाही म्हटलात तरी चालेल. मी घड्याळ लावलंय."

बाबा मंत्र म्हणाले नाहीत. चार मिनिटं शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता. बाबांनी आपल्या घड्याळात दोनदा बघितलं.

वहिनींनी आपल्या थाळीत नाक घातलं. खोल श्वास घेतला. डोळे कोरडे. "काही नाही," त्या म्हणाल्या.

"अध्यक्षसाहेब, या."

अध्यक्ष आले. त्यांना बिचाऱ्यांना आपल्या निष्पापपणाची एवढी खात्री होती की त्यांनी झाकण उघडून जोरात हुंगलं. मग जे झालं ते बघून पहिली रांग उठून उभी राहिली. अध्यक्ष मंचाच्या खांबाला धरून खोकत, शिंकत, रडत होते. म्हातारी काट्यावरून उतरली, लेकाच्या काळजीने थाळीजवळ गेली, आणि वाकून हुंगताच ताठ झाली.

"अरे, ही तर फेसलेली मोहरी!" ती ओरडली. "वर राख मिसळलीये मेल्याने!"

मग एकेक बाई येऊन हुंगायला लागली आणि एकेक बाई हसायला लागली. आयुष्यभर ज्या वासाने स्वयंपाकघरात डोळे पुसले, तोच वास धुपाच्या आड लपून देव झाला होता. नळीमावशीने घरून आणलेली मोहरीची पूड काढली, माइकसमोर सगळा प्रयोग पुन्हा करून दाखवला, आणि विकर, साठा, गार पाणी, उकळतं पाणी, सगळं सांगितलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा शिकवलं. एकही शब्द चुकला नाही.

"हे सर्व मीच घडवलं," बाबा शेवटी म्हणाले. "तुमची श्रद्धा तपासायला!"

"मग आता परत तपासू," नळीमावशी म्हणाली. "तुमच्या पायाखालची माती द्या. त्यात तुमचंच भस्म आणि गार पाणी घालते. रडली तर पापी तुम्ही."

बाबांनी कफनी सावरली. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा शिष्य किटल्या घेऊन मागे धावत होता. खोटं कशाला सांगू, जाता जाता तीनचार जणांनी बाबांच्या पाया पडून घेतलंच. असू द्यावं म्हणून.

अध्यक्ष डोळे पुसत वहिनींजवळ आले आणि हळूच म्हणाले, "चुकलं आमचं."

"ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाल्या. "शिक्षा माइकवरून सुनावली होतीत."

अध्यक्षांनी माइक घेतला. पाणी त्याच संध्याकाळी सुरू झालं. कुंपणावरचं 'चोर' मात्र वहिनींनी घरच्या कुणाला पुसू दिलं नाही. सात नंबरवाल्याने आपणहून येऊन रंगवलं, तेव्हा कोळसा कुणाचा होता ते सगळ्यांना कळलं.

"मग ते भस्मच टाकलं तर काय बिघडलं?" कुणीतरी विचारलं. "मोहरीच आहे ना?"

"मूठभर पुडीने काय होतंय?" वहिनी म्हणाल्या. "अख्खं हिरवं पीक गाडावं लागतं, आणि तेही रोपं लावायच्या आधी. ज्या झाडाने मान टाकली ते गेलंच. ते मुळासकट काढा, त्याला लागलेलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका, पुढच्या हंगामात तिथे टोमॅटो घेऊ नका. आणि मोहरी म्हणजे काही अमृत नाही. माझीही अकरा झाडं मेली. बुवाने मोजली असती तर त्यालाही दिसली असती."

पुढच्या हंगामाआधी बऱ्याच मळ्यांत मोहरी हिरवी झाली. एका बांधावर कुणीतरी उदबत्ती लावून ठेवली होती. नळीमावशीने ती उपटली आणि मळेवालीला सरळ विचारलं, "हे काय? आता मोहरीबाबा का?"

एवढंच सांगायचं आहे. बुवा गेला, पण त्याची रिकामी गादी आपण फार दिवस रिकामी ठेवत नाही. तिच्यावर काहीतरी नेऊन बसवतोच. जमिनीला राग येत नाही, जमीन कुणाचं नाव घेत नाही. तिच्यात बुरशी असते, आणि बुरशीशी झाडं आपल्या परीने लढत असतात. ती कशी लढतात ते विचारायला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. शेजारणीला चोर ठरवण्याआधी तिने वेगळं काय केलं, एवढं विचारायचं धाडस लागतं.

ती मळेवाली ओशाळली नाही. ही तीच बाई, जिने त्या दिवशी आपल्या मुलीला वहिनींपासून दूर घेतलं होतं. तिने मळ्याच्या मधोमध ताणलेली दोरी दाखवली. अलीकडे मोहरी होती. पलीकडे नुसती नांगरलेली जमीन.

"उदबत्ती सासूबाईंची आहे," ती म्हणाली. "दोरी माझी. अर्ध्यात मोहरी गाडणार, अर्ध्यात नाही. टोमॅटो दोन्हीकडे तेच, पाणी तेवढंच. मग मोजणार, कुठे किती मेली ते."

"का गं? माझ्यावर विश्वास नाही?" नळीमावशीने विचारलं.

"नाही," ती बाई म्हणाली. "तुमच्यावर तरी कशाला ठेवायचा?"

सव्वीस वर्षांत एवढी शाबासकी नळीमावशीला कुणी दिली नव्हती. ती बांधावरच बसली आणि म्हणाली, "दोरी जरा तिरकी आहे. आण इकडे, नीट ताणू."